खंडन करणाऱ्याला स्वतःचं मत लागतं का? (सोफिस्टांच्या निमित्ताने)

आडवाटेचा

सोफिस्ट (प्राचीन ग्रीसमधले फिरते शिक्षक) म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जे उभं राहतं ते बरंचसं प्लेटोनेच रंगवलेलं आहे: फी घेऊन काळ्याचं पांढरं करून देणारे शब्दबहाद्दर. त्याच्या 'युथिडेमस' या संवादातले दोघे भाऊ म्हणजे त्या चित्राचा सगळ्यात भडक भाग. माझं म्हणणं असं की या दोघांच्या खंडनांच्या मुळाशी एक तात्त्विक भूमिका आहे आणि ती मूर्खपणाची नाही. तिला 'शब्दच्छल' म्हणून झटकून टाकणारा स्वतःची भूमिका गुपचूप आत आणत असतो.

संवाद वाचला नसेल त्यांच्यासाठी: युथिडेमस आणि डायोनिसोडोरस मूळचे खिऑस बेटावरचे. तिथून दक्षिण इटलीतल्या थुरी या वसाहतीत गेले, तिथून हाकलले गेले. आधी चिलखत घालून लढायला शिकवायचे, कोर्टातली भाषणंही शिकवायचे. उतारवयात त्यांनी नवी विद्या कमावली: समोरच्याने खरं सांगो वा खोटं, त्याला पाडायचं. अथेन्समधल्या लायसिअम व्यायामशाळेच्या कपडे बदलायच्या दालनात सॉक्रेटिस त्यांच्यासमोर क्लायनियस नावाच्या पोरसवदा मुलाला बसवतो आणि म्हणतो, याला शहाणपणाची ओढ लावून दाखवा.

सुरुवातीला ते विचारतात, शिकतात कोण, जाणते की अजाण? क्लायनियस म्हणतो जाणते, आणि पडतो. तो अजाण म्हणतो तेव्हाही पडतो. हा भाग मी सोडून देतो. त्यातलं ग्रीक क्रियापद 'शिकणे' आणि 'समजणे' या दोन्ही अर्थांनी चालतं, एवढीच गंमत आहे, आणि सॉक्रेटिस ती तिथल्या तिथे उघडी पाडतो.

पण पुढचं बघा. डायोनिसोडोरस विचारतो, क्लायनियस शहाणा व्हावा असं तुम्हाला वाटतं ना? आत्ता तो शहाणा नाही ना? म्हणजे तो जो नाही तो व्हावा आणि जो आहे तो राहू नये असं तुम्हाला वाटतं. तुम्ही त्याच्या नाशाचीच इच्छा करताय! क्लायनियसवर जीव असलेला क्टेसिपस भडकतो आणि म्हणतो, हे खोटं आहे. त्यावर युथिडेमस शांतपणे: खोटं बोलता तरी येतं का? जो बोलतो तो काहीतरी बोलतो. ते 'काहीतरी' असतं, म्हणजे आहे. जे आहे ते बोलणारा खरंच बोलतो. जे नाही त्याला तर कोणी हातही लावू शकत नाही, मग ते बोलणार कसं? पुढची पायरी: कोणी कोणाला विरोधही करू शकत नाही. दोघे एकाच गोष्टीबद्दल बोलत असतील तर दोघे एकच सांगतील. दोन गोष्टींबद्दल बोलत असतील तर विरोध कसला?

हे पार्मेनिडीस या जुन्या ग्रीक तत्त्वज्ञाचं कर्ज आहे. 'जे नाही' ते विचारात येत नाही, बोलता येत नाही, हे त्याने इसवी सनपूर्व पाचव्या शतकात सांगितलं होतं. भावांनी एवढंच केलं की 'आहे' ला कुठलीही शेपटी लावायला नकार दिला. 'या बाबतीत आहे', 'तेव्हा होतं', 'त्याच्या दृष्टीने आहे' हे काही चालणार नाही. आहे म्हणजे आहे, पूर्ण आणि सगळीकडे. सॉक्रेटिस उत्तरात 'जेव्हा मला माहीत असतं तेव्हा' अशी पुरवणी जोडतो, त्यावर युथिडेमस वैतागतो: या जास्तीच्या शब्दांनी घोळ घालू नकोस, नुसतं उत्तर दे. तो तिथे का वैतागतो हे विचारात घ्या. पुरवणी मान्य केली की त्याचं अख्खं विश्व कोसळतं.

ॲरिस्टॉटलने नंतर एका पुस्तकात अशा खंडनांचे १३ प्रकार मांडले, ६ भाषेतून येणारे आणि ७ भाषेबाहेरचे. लोक ते पुस्तक फसव्या युक्त्यांची तटस्थ यादी असल्यासारखं वाचतात. पण त्यात त्याने खऱ्या खंडनाची व्याख्या काय दिली आहे? त्याच एका गोष्टीचा, नुसत्या नावाचा नव्हे, त्याच बाबतीत, त्याच संबंधात, त्याच प्रकारे, त्याच वेळी झालेला विरोध. म्हणजे वस्तूला बाबी असतात, संबंध असतात, ती काळात टिकते आणि टिकून बदलते, हे सगळं आधीच गृहीत धरलं. ज्याला हे गृहीतक मान्य नाही त्याच्याविरुद्ध ही व्याख्या दाखवून काय सिद्ध होणार?

वस्तू कशी असते याबद्दल तुमचं मत काय, यावरून तुमच्यासाठी खंडन काय ते ठरतं. खंडनाचं हत्यार आधी आणि तत्त्वज्ञान नंतर असा क्रमच नसतो.

तळटीप

लेख चांगला, निष्कर्ष अमान्य.

तुम्ही जी दोन खंडनं 'सोडून देतो' म्हणालात, नेमकी तीच पुराव्याची आहेत. क्लायनियसने उत्तर द्यायच्या आधीच डायोनिसोडोरस सॉक्रेटिसच्या कानात हसत हसत सांगतो की पोरगा काहीही बोलला तरी पडणार. पुढे तो म्हणतो, आमचे सगळेच प्रश्न असे असतात, त्यातून सुटका नाही. ज्याला 'जाणते शिकतात' हेही पाडायचं आहे आणि 'अजाण शिकतात' हेही, त्याचं शिकण्याबद्दल मत कोणतं? कोणतंच नाही. प्रश्न विचारणाऱ्याला काही मांडावं लागत नाही, फक्त उत्तर देणारा बांधला जातो, या नियमाचा ते फायदा घेतात.

तुम्हाला जिथे पार्मेनिडीस दिसतो तिथे मला पार्मेनिडीसची उसनी काठी दिसते. बाजारात जे सापडलं ते उचललं. 'विरोध शक्य नाही' हे सूत्र त्या काळी कितीजणांच्या नावावर होतं बघा. सॉक्रेटिस याच संवादात म्हणतो की हे प्रोटागोरस या सोफिस्टाच्या मंडळींकडून आणि त्यांच्याही आधीच्यांकडून ऐकलंय. ॲरिस्टॉटल ते सॉक्रेटिसचा शिष्य अँटिस्थेनिसच्या नावावर घालतो. इजिप्तमध्ये तुरा इथे १९४१ साली सापडलेल्या पपायरसांमधल्या एका टीकेत तेच प्रॉडिकस या आणखी एका सोफिस्टाच्या नावावर आहे. आता पार्मेनिडीसचं 'एकच आहे' आणि प्रोटागोरसचं 'प्रत्येकाला भासतं तसं प्रत्येकासाठी आहे' ही दोन टोकं. ज्या सूत्राकडे दोन्ही टोकांवरून पोचता येतं, ते सूत्र वापरणारा कोणत्या टोकाचा हे तुम्ही कसं ठरवलंत?

आणि कुत्र्याचं काय? क्टेसिपसच्या कुत्र्याला पिल्लं आहेत. म्हणजे तो बाप आहे. तो तुझा आहे. म्हणजे तो तुझा बाप, आणि तू बापाला बडवतोस. यात कुठलं अस्तित्वशास्त्र आहे ते सांगा, मी चहा पाजतो.

आडवाटेचा

चहा तयार ठेवा.

कुत्र्याच्या युक्तिवादाआधी काय झालंय? सॉक्रेटिसचा सावत्र भाऊ पात्रोक्लीस. त्याचा बाप खैरेडेमस, सॉक्रेटिसचा बाप सोफ्रोनिस्कस. भाऊ म्हणतात, खैरेडेमस बापापेक्षा वेगळा आहे, मग तो बाप नाही. आणि जो बाप आहे तो सगळ्यांचाच बाप. दोन्हीकडे एकच गृहीतक: 'बाप' हा गुण संबंधाशिवाय, नुसता, वस्तूला चिकटलेला असतो. 'कोणाचा बाप' हा प्रश्नच त्यांना मान्य नाही. कुत्रा बाप आहे म्हणजे आहे. तुझा आहे म्हणजे आहे. दोन्ही 'आहे' एकत्र आले, विषय संपला. विनोद म्हणून तो फालतू आहे हे कबूल. पण क्लायनियसच्या नाशाच्या युक्तिवादात जसा काळ गाळलाय तसाच इथे संबंध गाळलाय. इतक्या वेगवेगळ्या ठिकाणी गाळणी तीच सापडत असेल तर ती योगायोगाने सापडत नाही.

आणि 'क्रॅटिलस' या दुसऱ्या संवादात प्लेटो युथिडेमसचं मत प्रोटागोरसपेक्षा वेगळं काढून दाखवतो: सगळे गुण सगळ्या वस्तूंना सारखेच, एकाच वेळी आणि नेहमी असतात. ज्याला मतच नाही त्याचं मत प्लेटो दुसऱ्या ग्रंथात कशाला नोंदवेल?

बाररूम

मी तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी नाही, कोर्टात उलटतपासणी घेण्यात आयुष्य गेलं. त्यामुळे एक धंद्याची गोष्ट सांगतो.

उलटतपासणीत साक्षीदाराला 'हो किंवा नाही एवढंच सांगा' म्हणणाऱ्या वकिलाचं अस्तित्वाबद्दल काही मत नसतं. साक्षीदाराने 'हो, पण' म्हटलं की त्या 'पण' मध्ये आपली केस बुडते, म्हणून तो त्याला थांबवतो. युथिडेमस पुरवणीवर चिडतो ते याच कारणाने. धागाकर्त्यांना तिथे विश्व कोसळताना दिसतं, मला फक्त केस कोसळताना दिसते.

या भावांनी कोर्टातली भाषणं शिकवण्याचा धंदा आधी केलेला आहे हे लेखातच आहे. अथेन्समध्ये पक्षकाराला स्वतः उभं राहून बोलावं लागे, समोर शेकडो ज्यूरर, वेळ पाणघड्याळाने मोजलेली. त्या वातावरणात तयार झालेलं हत्यार व्यायामशाळेत आणलं की ते तत्त्वज्ञानासारखं दिसायला लागतं. हत्याराची धार पारखा, त्याला श्रद्धा असतात का विचारू नका.

घटं_भिंद्यात्

वकीलसाहेब, नेमका हाच मुद्दा आपल्याकडे फार आधी कोणीतरी अडवून धरलाय म्हणून लिहितो. ग्रीकांनी आपल्याकडून घेतलं की आपण त्यांच्याकडून, यात मला रस नाही, कृपया तो फाटा फोडू नये.

न्यायसूत्रांत (न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात) चर्चेचे तीन प्रकार: वाद, जल्प, वितंडा. वितंडेत बोलणारा स्वतःचा पक्ष मांडतच नाही, फक्त समोरच्याचा पाडतो. म्हणजे तळटीप म्हणतात ते दोघे भाऊ. भाष्यकार वात्स्यायन अगदी सुरुवातीलाच या वैतंडिकाला पकडतो. त्याला विचारा, बाबा रे, तुझं प्रयोजन काय? त्याने काही प्रयोजन सांगितलं तर तोच त्याचा पक्ष झाला, वितंडा संपली. प्रयोजन नाही म्हणाला तर तो ना व्यवहारी माणसांत बसतो ना परीक्षकांत. आणि 'समोरच्याचा दोष दाखवून देणं एवढंच प्रयोजन' म्हणाला तरी सुटत नाही. दोष दाखवणारा कोणीतरी आहे, तो कळणारा कोणीतरी आहे, कशाने तरी कळतो आणि काहीतरी कळतं, एवढ्या चार गोष्टी त्याने मानल्याच.

म्हणजे हत्याराला श्रद्धा नसतील, पण हत्यार चालवणाऱ्याला त्या टाळता येत नाहीत. वकिलाचं अस्तित्वाबद्दल मत नसेल, पण साक्षीदार बोलला ते तो कालही बोलला होता, तोच माणूस बोलला होता आणि दोन्ही एकदम खरं असू शकत नाही, हे न मानता उलटतपासणी घेऊन दाखवा!

(बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाचं काय, असं कोणी विचारायच्या आत: 'माझी प्रतिज्ञाच नाही, म्हणून मला दोष लागत नाही' असं तो 'विग्रहव्यावर्तनी'त म्हणतो खरा. पण ते म्हणायला त्याला एक ग्रंथ लिहावा लागला.)

तळटीप

घटं, तुमचा वात्स्यायन मला हवा तिथेच घेऊन जातो. तो सांगतो त्या चार गोष्टी खंडन करणाऱ्या *कोणालाही* मानाव्या लागतात. वकिलाला, सॉक्रेटिसला, तुम्हाला, मला. म्हणजे ती युथिडेमसची खास भूमिका ठरत नाही. उलट ती त्याच्या अंगावर येते! 'विरोध शक्य नाही' म्हणणाऱ्याला विरोधाचा धंदाच करता येऊ नये. सॉक्रेटिस हेच विचारतो: खोटं नसेल, चूक नसेल, तर तुम्ही शिकवायला कशाला आलात? डायोनिसोडोरस म्हणतो, खंडन करून दाखव. सॉक्रेटिस म्हणतो, तुमच्या हिशोबाने खंडन नावाची गोष्ट असते का? युथिडेमस म्हणतो, नाही. मग आत्ता तुझा भाऊ मला काय करायला सांगत होता?

एक जुना किस्सा ग्रीक तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणाऱ्या डायोजेनीस लाएर्शियसने दिलाय. अँटिस्थेनिस 'विरोध अशक्य आहे' यावर आपलं लिखाण वाचून दाखवणार होता. प्लेटो म्हणाला, मग त्यावर लिहितोस कसा? अँटिस्थेनिसने रागाने प्लेटोविरुद्धच एक संवाद लिहिला आणि त्याला अश्लील नाव दिलं. म्हणजे विरोध शक्य झाला.

चहाबिस्कीट

धागा वाचून झाला. जे वाचलं ते आहे, जे आहे ते खरं आहे, म्हणजे सगळ्यांचं बरोबर आहे. आता कुत्र्याला फिरवून आणतो. बाबांना, म्हणजे.

पश्चिमघाट

सगळे भावांवर तुटून पडलेत, सॉक्रेटिसला कोणी हात लावत नाही.

तोही प्रश्नच विचारतो. त्यालाही 'हो' किंवा 'नाही' हवं असतं. 'मला काही माहीत नाही' म्हणून तोही स्वतःचं काही मांडत नाही आणि समोरच्याला त्याच्याच कबुलीजबाबातून पाडतो. मग फरक काय? नेहमीचं उत्तर असं की सॉक्रेटिसचा नियम वेगळा: जे खरंच मानतोस तेच सांग. भावांना तुमच्या मताशी देणंघेणं नाही, त्यांना वाक्य पुरतं. पण हा नियमही आभाळातून पडलेला नाही. माणसाच्या मतांचा एकमेकांशी मेळ असायला हवा, काल मानलेलं आज बांधून ठेवतं, आणि विसंगती सापडली की *माणूस* बिघडलेला आहे, नुसतं वाक्य नव्हे, ही सगळी जड गृहीतकं आहेत.

डायोनिसोडोरस तर हे तोंडावर सांगतो. आधी कबूल केलेलं सॉक्रेटिस काढतो, तर हा म्हणतो: अरे, किती जुनाट आहेस तू! मघाचं आत्ता उकरतोस, मी गेल्या वर्षी काही बोललो असेन तर तेही काढशील, आणि आत्ता समोर जे आहे त्याचं काय करायचं ते तुला कळत नाही. मला हे वाक्य संपूर्ण संवादात सर्वांत गंभीर वाटतं. युक्तिवाद हा आत्ताचा, इथला, सुटा असतो. तो बोलणाऱ्याच्या चरित्राचा भाग नसतो. ही भूमिका आहे, आणि सॉक्रेटिसने तिचं खंडन केलेलं नाही, फक्त वापरायला नकार दिलाय. नंतर 'सोफिस्ट' या संवादात प्लेटोला 'जे नाही' म्हणजे 'जे वेगळं आहे' हे सिद्ध करायला बरीच पानं खर्चावी लागली आणि पितृतुल्य पार्मेनिडीसवर हात उगारावा लागला. नुसत्या युक्त्या पाडायला कोणी एवढे कष्ट घेत नाही.

बाररूम

'गेल्या वर्षीचं काढू नका' हे आरोपीच्या वकिलाचं सगळ्यात आवडतं वाक्य आहे. त्याला भूमिका म्हणायचं असेल तर आमच्या बारमध्ये तत्त्वज्ञांची कमी नाही.

आडवाटेचा

तळटीप, स्वतःच्या अंगावर उलटणारी भूमिका ही भूमिका नसतेच, असं तुमचं गृहीतक दिसतं. तसं धरलं तर प्रोटागोरसलाही मत नव्हतं म्हणावं लागेल, प्लेटोच्या 'थिएटेटस' या संवादात त्याचंही त्याच्यावर उलटवलंय. उलटतं म्हणजे काहीतरी आहे, जे उलटतं.

पण एका प्रसंगाचं तुम्ही काय करता ते सांगा. सॉक्रेटिसला सगळंच माहीत आहे, कारण एक माहीत असेल तर सगळं माहीत, असा भावांचा दावा चालू आहे. सॉक्रेटिस विचारतो, 'चांगली माणसं अन्यायी असतात' हे मी कुठे शिकलो? डायोनिसोडोरस बोलून जातो, 'कुठेच नाही.' म्हणजे सॉक्रेटिसला न येणारी एक गोष्ट निघाली. त्यावर युथिडेमस भावाला झापतो: तू युक्तिवाद बिघडवतोयस, आता हा एकाच वेळी जाणणारा आणि न जाणणारा ठरेल! आणि डायोनिसोडोरस लाजेने लाल होतो. इथे सॉक्रेटिस पडलेला नाही, उत्तर चुकलं ते भावाचं. तरी युथिडेमसला चिंता कशाची? एक वस्तू एकदम अशी आणि तशी असू शकत नाही, या तत्त्वाला तडा जातोय याची. मतच नसतं तर तो म्हणाला असता, हरकत नाही, पुढचा प्रश्न.

तळटीप

तो प्रसंग मी विसरलो नव्हतो, मुद्दाम ठेवून दिला होता. नीट वाचा, कोण कोणाला झापतंय. दोघांचं एकच तत्त्वज्ञान असेल तर एकाला साध्या प्रश्नावर त्याचा विसर कसा पडतो? डायोनिसोडोरसने तिथे आपल्यासारखं, साध्या माणसासारखं उत्तर दिलं: खोटं आहे ते कोणी कुठे शिकत नाही. त्याची खरी समजूत तीच आहे, ती चुकून बाहेर पडली. युथिडेमसने सावरलं ते ठरलेलं सोंग. चिलखतातल्या लढाईचा शिक्षक आपल्या जोडीदाराचा पवित्रा चुकला की असाच ओरडेल. तो ओरडतो म्हणून चिलखताखाली श्रद्धा आहे असं मी मानणार नाही.

आणि लाल झाला म्हणाल तर, पकडला गेलेला माणूसही लाल होतो.

पश्चिमघाट

पकडला गेला म्हणताय म्हणजे काहीतरी मोडलं. काय मोडलं ते सांगा. 'चुकून बाहेर पडलेली खरी समजूत' हे तर तुम्ही सॉक्रेटिसच्याच नियमाने वाचताय, वाक्यामागे माणूस शोधून. तो नियम डायोनिसोडोरसने आधीच नाकारलाय.